आई-बाबांना घेऊन रोमला: आधी यादी निम्मी कर

ताई, मी आणि माझा नवरा म्युनिकला नोकरी करतो. यंदा दिवाळीला आई-बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे येताहेत. भाऊबीज झाली की नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांना तीन दिवस रोमला न्यायचं ठरलंय. गुरुवारी रात्री पोचायचं आणि रविवारी रात्रीच्या विमानाने परतायचं. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आयुष्यभर मुलांना रोम शिकवलं पण पाहिलं कधीच नाही. आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. तिने एवढंच विचारलं, ‘तिथे खायला काय मिळेल?’ नवऱ्याचं म्हणणं असं की त्यांचं युरोपात पुन्हा येणं होईल न होईल, तेव्हा शनिवारी फ्लॉरेन्स आणि पिसासुद्धा करून घेऊ. सोबत १९ ठिकाणांची यादी पाठवते आहे. आई-बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘तुम्ही न्याल तिथे येऊ.’ हे सगळं जमेल का?
— एक लेक, म्युनिक

प्रिय लेकी,

‘तुम्ही न्याल तिथे येऊ.’ तुझ्या अख्ख्या पत्रात मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडचे आई-वडील मुलांच्या पैशाने फिरायला निघाले की कशालाच नाही म्हणत नाहीत. दमलो म्हणत नाहीत, भूक लागली म्हणत नाहीत. मग दुपारी दोन वाजता आई एखाद्या कठड्याला टेकते आणि म्हणते, ‘तुम्ही या जाऊन, मी बसते इथे.’ तुझ्या आईवर तीन दिवसांत एकदाही हे म्हणायची वेळ येऊ नये, एवढंच डोळ्यांपुढे ठेवून मी लिहिते आहे. ती दोघं नाही म्हणणार नाहीत. ते तुलाच आधी, यादी करतानाच म्हणावं लागेल.

तेव्हा पहिली काट फ्लॉरेन्स आणि पिसावर. कागदावर ते जमतं हे मला माहीत आहे. वेगवान गाडीने रोमहून फ्लॉरेन्स दीड तासावर आणि तिथून पिसा आणखी तासाभरावर. पण जाऊन येऊन पाच-सहा तास गाडीत आणि फलाटांवर जाणार. शिवाय नोव्हेंबरात तिथे पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. उरलेल्या तुकड्यात तुम्ही दोन शहरांत मिळून काय पाहाल? कलत्या मनोऱ्याला हात लावल्याचा एक फोटो. तुझ्या नवऱ्याचा हेतू चांगला आहे, सासू-सासऱ्यांना जास्तीत जास्त दाखवावं असं त्याला मनापासून वाटतंय. त्याला एवढंच सांग, की बाबांनी वर्गात रोम शिकवलंय आणि त्यांना त्या रोममध्ये निवांत उभं राहायला मिळायला हवं.

दुसरी गोष्ट तातडीची. तुझ्या यादीत रविवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियम आहे. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर ते रविवारी बंद असतं. ते शुक्रवारी सकाळी टाक, अगदी पहिल्या वेळेचं तिकीट घे. आत चालणं खूप आहे, कित्येक दालनं ओलांडल्यावर कुठे सिस्टीन चॅपल येतं. म्युझियममध्ये व्हीलचेअर मिळते. आईला ती नको वाटेल, ‘मला काय झालंय एवढं’ म्हणेल. तरी आग्रहाने घे. तिथे गुडघा गेला तर पुढचे दोन दिवस गेले. सिस्टीनचं छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलं, आणि समोरच्या भिंतीवरचं ‘अंतिम न्याया’चं चित्र त्यानंतर दोन तपं उलटल्यावर घेतलं. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच. भिंतीलगत बसायला बाक आहेत. जागा मिळाली की दोघांना बसव आणि अर्धा तास बसू दे. मान वर करून छत बघायला उभ्यापेक्षा बसलेला माणूसच बरा.

सेंट पीटर्सचं मोठं चर्च त्याच दमात करू नकोस. शुक्रवारी दुपारी खोलीवर जा, आईला पाय वर करून पडू दे आणि चार-साडेचारच्या सुमाराला पुन्हा निघा. चर्चला तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग आहे आणि ती संध्याकाळकडे सहसा ओसरते. आत शिरल्यावर उजव्या हाताला काचेमागे मायकेलअँजेलोची ‘पिएता’ आहे, मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली आई. तिच्याबद्दल तुझ्या आईला काही समजावून सांगावं लागणार नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. आई साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असेल तर प्रश्नच नाही. घुमटावर चढायचं मात्र यादीतून खोड. वरपर्यंत ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटचा जिना इतका अरुंद आणि तिरका आहे की मध्येच मागे फिरणं अवघड.

वरून शहर पाहायचंच असेल तर रविवारी टॅक्सीने जानिकोलो टेकडीवर जा. एक पायरी न चढता सगळं रोम समोर दिसतं, आणि रोज दुपारी बारा वाजता तिथे तोफ डागतात. वर गॅरिबाल्डीचा अश्वारूढ पुतळा आहे. १८४९ मध्ये मॅझिनीच्या अल्पायुषी रोमन प्रजासत्ताकासाठी तो याच टेकडीवर फ्रेंच फौजेशी लढला. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं बाबांना नवी नाहीत. आपल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या कितीतरी तरुणांनी ती नावं तोंडपाठ केली होती. तिथे बोलण्याचं काम बाबांवर सोपव.

शनिवार खास बाबांचा. सकाळी कोलोसियम. सम्राट व्हेस्पेसियनने बांधायला घेतलं आणि त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये खुलं केलं. वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे, दारावरच विचारून घे. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलेटाइन टेकडीही येते, पण वसूल करायचं म्हणून सगळं फिरू नका. फोरममधला जुना रस्ता मोठमोठ्या, वरखाली झालेल्या दगडांचा आहे, आईसाठी अजिबात नाही. त्याऐवजी कोलोसियममधून बाहेर पडून व्हिया देई फोरी इम्पेरियाली या रुंद, सपाट रस्त्याने पियात्सा व्हेनेत्सियाकडे सावकाश चाला. दोन्ही अंगांना प्राचीन रोम पसरलेलं आहे आणि पदपथावरून सगळं दिसतं. डाव्या हाताला तीन प्रचंड कमानी दिसतील, ती सम्राट मॅक्सेंटियसची बॅसिलिका, म्हणजे प्राचीन सभागृह. तिच्या खाली सम्राट डोमिशियनच्या काळातली मसाल्यांची कोठारं होती, त्यांना मिरीची कोठारं असंच म्हणत. ती मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजांनी जायची.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण तुझे आई-बाबा कोल्हापूरचे आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तीत रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू सापडल्या. त्यांत समुद्रदेव पोसायडनची एक छोटी, फार देखणी मूर्ती आहे. ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. बाबांनी ती पाहिलेली असण्याची शक्यता खूप आहे, पण त्यांना म्हणावं निघण्याआधी आईला घेऊन पुन्हा एकदा पाहून या. उलट दिशेने, पॉम्पेईच्या राखेत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. पंचगंगेकाठचं गाव आणि ही राजधानी दोन हजार वर्षांपूर्वी एकाच व्यापाराच्या वाटेवर होती. हे मनात घेऊन बाबा त्या कमानींसमोर उभे राहिले तर त्यांना रोम परकं वाटणार नाही. ज्याला हे दिसतं त्याला १९ ठिकाणांची गरज पडत नाही.

पियात्सा व्हेनेत्सियाला पोचलात की कॅम्पिदोलियोच्या टेकडीवर जा, चढण नको असेल तर टॅक्सी वरपर्यंत नेते. तिथल्या नगरसभेच्या इमारतीच्या बाजूने मागे गेलं की सज्जासारखी जागा आहे, तिथून सगळं फोरम पायाशी दिसतं, तेही फुकट. फोरमचं तिकीट असूनही मी बाबांना आधी तिथेच नेईन. वरून नकाशा कळतो. नंतर त्यांना खाली उतरावंसं वाटलं तर नवऱ्याने त्यांच्याबरोबर जावं आणि तू आईला घेऊन कुठेतरी कॉफी प्यायला बसावं. सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहायला हवं हा हट्ट सोडलास तर सहल खूप सोपी होईल.

शनिवारी संध्याकाळी पँथिऑन, म्हणजे प्राचीन रोमचं घुमटाचं देऊळ, आणि पियात्सा नव्होना हा चौक. पँथिऑनचं तिकीट आधी काढून ठेव आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ बघून घे. बाहेर सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याचं नाव कोरलेलं असलं तरी आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, इसवी सन १२५ च्या आसपासची. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल मावतो. आत लोखंड न घालता केलेला इतका मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही दुसरा नाही. माथ्यावरचं गोल छिद्र उघडंच आहे, आणि नोव्हेंबर हा रोमचा पावसाचा महिना. त्या दिवशी पाऊस लागला तर वाईट वाटून घेऊ नका, लगोलग पँथिऑन गाठा. पाऊस सरळ आत पडतो आणि जमिनीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. जमीन ओली असते, तेवढा आईचा हात धर.

नव्होनाच्या चौकात बर्निनीचं १६५१ सालचं चार नद्यांचं कारंजं आहे. चार खंडांच्या चार नद्या: डॅन्यूब, नाईल, दक्षिण अमेरिकेतली रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. गंगा कोणती हे आईला ओळखायला सांग. तिथे ती हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष आहे! नाईलचं तोंड कापडाने झाकलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. जवळच सान लुईजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये कॅराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, तीही विनातिकीट. दिव्यासाठी नाणं टाकावं लागतं, म्हणून सुटे ठेव. चर्च दुपारी काही वेळ बंद असतात, एवढं लक्षात असू दे.

त्रेव्हीचं कारंजं रविवारी पहाटे सातला. दिवसा तिथे उभं राहायला जागा नसते आणि हौदाजवळ एका वेळी ठरावीक लोकांनाच सोडतात. त्या कारंज्याला पाणी पुरवणारा मूळ कालवा इसवी सनापूर्वी १९ मध्ये अग्रिप्पाने आणला, पँथिऑनवर नाव आहे तोच हा अग्रिप्पा. आईला नाणं टाकू दे. ती नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतात, हे कळलं की तिला आणखी बरं वाटेल.

रविवारी वेळ उरला तर पॉन्ते सांतांजेलो पुलावर, देवदूतांच्या पुतळ्यांमध्ये, दहा मिनिटं थांबा. खाली टायबर वाहते. याच नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातले अवघ्या विशीतले जवान, शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रोमच्या दक्षिणेकडच्या कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. कॅसिनोला जाणं या तीन दिवसांत बसणार नाही, बसवूही नकोस. पण त्या पाण्याकडे बघताना घरातल्या कुणीतरी हे नाव घ्यावं असं मला फार वाटतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तिने तो एकच विचारलाय. रोममध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसू शकतो. लाल टोमॅटोचा दिसणारा अमात्रिचाना पास्ता डुकराच्या गालाच्या मांसात केलेला असतो. कार्बोनारातही तेच. भाताचे तळलेले गोळे, सुप्ली, आपल्या बटाटेवड्यासारखे मोह घालतात, पण नेहमीच्या सुप्लीत खिम्याचा रस्सा असतो. भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत बहुतेक वेळा अँचोव्ही मासा भरलेला असतो. आईने निर्धास्त मागवावं ते अराब्याता: टोमॅटो, लसूण आणि लाल मिरची, रोमच्याच भागातला पदार्थ. कोल्हापूरच्या जिभेला तो ओळखीचा वाटेल. काचो ए पेपे हा चीज आणि मिरीचा पास्ताही इथलाच. मात्र पेकोरीनो आणि पार्मेजान ही चीज जनावराच्या पोटातलं रेनेट घालून करतात. आई ते चालवून घेते का हे तिला आधीच विचार, ताटापुढे बसल्यावर नको. चालत नसेल तर ‘सेंझा फॉर्माज्जो’, म्हणजे चीज नको, असं सांगायचं. पिझ्झा मरीनारावर चीज नसतंच. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, मांस नको, मासे नको, हेही पाठ करा.

रात्रीची जेवणाची हॉटेलं साडेसात-आठच्या आत बहुधा उघडत नाहीत. आई-बाबांना लवकर जेवायची सवय असेल तर तुकड्यावर, वजनाने विकतात तो पिझ्झा घ्या. दिवसभर मिळतो आणि काय घातलंय ते समोर दिसतं. दिवाळीचा चिवडा आणि शंकरपाळे डब्यात असूच दे. चहाचं सामान आणि छोटी विजेची किटली घे, खोलीत ती असेलच असं नाही.

राहायला प्राती भाग बघ. व्हॅटिकनच्या शेजारी, सपाट, रुंद पदपथांचा, मेट्रोच्या ए मार्गावर. पैसे जास्त घालायची तयारी असेल तर पँथिऑन-नव्होनाच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी कुठेही चालत. स्टेशनजवळ स्वस्त पडतं, पण दुपारी खोलीवर परतणं हा या सहलीचा कणा आहे आणि तो लांबच्या हॉटेलने मोडतो. इमारतीला लिफ्ट आहे का हे लेखी विचार, जुन्या घरांत ती नसते. एक सुखाची गोष्ट: इटलीत न्हाणीघरात सहसा बिडे असतो, पाण्याची सोय होते. शहराचा पर्यटन कर माणशी, दर रात्रीचा, हॉटेलात वेगळा भरावा लागतो. तो हिशेबात धर.

बुटांबद्दल आईशी वाद घालावा लागला तर घाल. रोमचे गल्लीबोळ छोट्या काळ्या दगडांनी फरसबंद केलेले आहेत, पावसात ते निसरडे होतात. जाड तळव्याचे, पायात मुरलेले बूट हवेत. म्युनिकला आल्यावर लगेच घेऊन दे आणि पंधरा दिवस घालून फिरू दे. दमल्यावर ती नेमकी स्पॅनिश स्टेप्सवर बसायला जाईल, आणि तिथे बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. बसायची जागा म्हणजे कॉफीचं दुकान. उभ्याने कॉफी स्वस्त, टेबलाशी महाग, पण तुम्ही टेबलाचेच पैसे द्या, स्वच्छतागृहही तिथेच मिळतं. पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात, त्यांना ‘नाझोनी’ म्हणतात, पाणी पिण्याचं आणि गार असतं.

बाबांचं पाकीट मागच्या खिशात असेल तर ते पुढे आणायला लाव. मेट्रो आणि ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहेत. हातात दोरा बांधू पाहणाऱ्याला किंवा आईच्या हाती गुलाब देणाऱ्याला थांबून उत्तर द्यायचं नाही. शिक्षकी सौजन्याने बाबा थांबतील, त्यांना आधी सांगून ठेव. विमानतळावरून रात्री रेल्वेच्या भानगडीत न पडता अधिकृत पांढरी टॅक्सी घ्या. जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत तिचं भाडं ठरलेलं असतं. तुमचं हॉटेल त्या हद्दीत येतं का ते आधी बघ, प्रातीचा बराच भाग तिच्या बाहेर पडतो.

आई-बाबांचा शेंगेन व्हिसा जर्मनीचा असला तरी इटलीला चालतो, आणि व्हॅटिकन वेगळा देश असूनही तिथे शिरताना कुणी व्हिसा विचारत नाही. मूळ पासपोर्ट आणि विम्याचा कागद मात्र जवळ हवा. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

राहिली तिकिटं. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात, व्हॅटिकनची साधारण ६० दिवस आधी, आणि सकाळच्या वेळा पटकन संपतात. दोन्ही तारखा आजच भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेव आणि फक्त अधिकृत संकेतस्थळावरून घे, सारख्या दिसणाऱ्या इतर ठिकाणी दुप्पट पैसे पडतात. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि दारावर ओळखपत्र बघतात. आईच्या पासपोर्टवर मधलं नाव जसं छापलंय, स्पेलिंगसकट तसंच भर.